डालग्याखालची बनी

ता. ९ जाने. १९४४, रविवार
आजपासून घरोघर फिरून खाणाऱ्या तोंडांची यादी. तिच्यावरून रेशनची कार्डं होणार. शाळा बुडवायची नाही, म्हणजे माझे रविवार गेले. तलाठीभाऊंनी बजावलं, आकडा फुगवू नका. गावाला पोती ठरलेलीच येणार, एक तोंड वाढलं की बाकीच्यांच्या वाटणीतून जाणार.

चावडीवर मीही भाषण ठोकलं. आठ वर्षांपूर्वी बदलून आलो तेव्हा एका आडावर गाव पाणी भरायचं, आता दोन पुरत नाहीत. गायरान नांगरून झालं, एकेका पट्टीचे चार तुकडे झाले, तरी घरोघर पाळणा हलतोच आहे. आता आवरा. रामू पाटील गालातल्या गालात हसत म्हणाला, "गुरुजी, तुमचं पाचवं कवा?" चावडी खो खो हसली. मीही हसलो. सौ.ला सहावा महिना आहे. घरी हे काही सांगितलं नाही.

ता. १६ जाने., रविवार
धनगरवस्ती. सात घरं, तीन मैल चाल.
शेवटचं घर भागाबाईचं. नवरा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलेला, म्हणून यादीत नाही. घरी ती, म्हातारी सासू आणि पोरं. पोरं किती, तर म्हणाली तीन. चौथं मला दिसत होतं. करडं झाकायचं डालगं पालथं घातलेलं आणि त्याखालून एक इवलं पाऊल बाहेर, घोट्याला काळा दोरा. तिची धाकटी, बनी. दोन वर्षांची असेल. मी तिकडे पाहिलं तसे भागाबाईनं हात जोडले.

"तिला मोजू नगासा गुरुजी. मागल्या शिरगणतीला समदी मोजून दिली. वरीस सरायच्या आत थोरला गेला."

मोजलेल्या पोराला नजर लागते, ही इकडची समजूत. असल्या समजुतींवर मी शाळेत तासभर बोलतो. आज बोललो नाही. तीन लिहिले. ऊन फार होतं, पाय दुखत होते. पण खरं कारण

ता. १८ जाने.
यादी पक्की करून दिली. माझ्या नावाखाली सात तोंडं. आम्ही दोघं, चार मुलं, आणि 'बाळ, वय १, नाव ठेवायचे आहे.' बाळ अजून पोटात आहे. तलाठीभाऊंनी वाचलंही नाही. गुरुजींची यादी, म्हणून सही केली.

रविवारी लिहायचं राहिलं ते हे. भागाबाईचं एक कमी, माझं एक जास्त, गावाचा आकडा तेवढाच. वस्तीवर उभा असतानाच हे डोक्यात आलं होतं. कोणाचं नुकसान नाही. मनाला दोनदा सांगून पाहिलं, पटेना.

ता. ६ मार्च
रेशन सुरू होऊन महिना झाला. दुकानापुढे उन्हात रांग, धक्काबुक्की, शेवटच्या दहा घरांना निम्माच जोंधळा. भागाबाई रांगेत भेटली. पाच जणांच्या जोंधळ्यात सहा जेवतात. आंबील पातळ करते, स्वतः सांजचं पाण्यावर काढते. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं, आणि तक्रार म्हणून नव्हे.

हळूच म्हटलं, बनीचं नाव घालू का? अर्ज करता येतो.
"नगा. उपाशी ऱ्हाईल, पर ऱ्हाईल."

पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. उलट हायसं वाटलं, कारण अर्ज गेला की यादी उघडणार. लाज वाटते लिहायला, पण हायसंच वाटलं.
घरी सौ. म्हणते, ह्या महिन्यात जोंधळा बरा पुरला हो.

ता. १४ एप्रिल
मुलगी होऊन पाच दिवस झाले. दोघी सुखरूप. सासूबाई आठ दिवस आधीच सांगलीहून आल्यात, गुळाची ढेप आणि हळद घेऊन. तिकडेही रॉकेलला रांगा. म्हणतात, एवढी माणसं कुठून उगवली कळत नाही. मग नातीला मांडीवर घेऊन बसल्या.

खोटं लिहिलं होतं ते खरं झालं. वाटलं होतं, त्या दिवशी सुटेन. सुटलो नाही.
सौ.ला दूध नाही. पोर रडून रडून निळी पडते.

ता. २ मे
तालुक्याहून साहेब तपासणीला. चावडीवर कार्डागणिक माणसं उभी केली. माझी सात पाहिली, खूण केली, "गुरुजींचं काय बघायचं" म्हणाले.

भागाबाई तीन पोरं घेऊन उभी. साहेब भला माणूस. कोणाचं नाव राहिलं असेल तर आत्ता घालतो म्हणाले, पुन्हा संधी नाही. मग माझ्याकडे वळून, "एवढीच ना?" ती माझ्याकडे बघत होती.

बोललो असतो तर बनीला धान्य मिळालं असतं. आणि उद्या ती साध्या तापानं गेली असती तरी तिच्या आईच्या लेखी मी मारली असती. हे खरं आहे. आधी का लिहिलं नाही, अशी चौकशी होऊन ती माझ्या सातांवर आली असती, हेही खरं आहे.

मी म्हणालो, "एवढीच."
कुठल्या भीतीनं म्हणालो, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे.

ता. ३ मे
सकाळी भागाबाई दारात. तीन मैल चालत आली. तांब्यात शेळीचं दूध. सौ.ला दूध नसल्याचं तिला चावडीवर कळलं म्हणे.

"तुमी माझं लेकरू राखलं, गुरुजी. आता तुमच्या लेकराला मी रोज आणती."

सौ.नं विचारलं, तुम्ही काय केलंत एवढं? मी तांब्या हातात घेतला. भागाबाईकडे दुभती शेळी एकच आहे. बनी तिच्या कडेवर होती, पदराखाली झाकलेली. मान तेवढी बाहेर काढून तांब्याकडे बघत होती.

सासूबाईंनी दूध पाणी घालून उकळलं, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोर पोटभर पिऊन झोपली. सौ. रडली.

भागाबाई उद्या पुन्हा येईल. नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागेल, तिला आणि सौ.लाही.