‘क्वाइट’ म्हणजे किती?

३ मार्च

पाय नुसते ठणकतायत. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात आज ‘क्वाइट’वर गाडी अडली. फळ्यावर शिडी काढली – थोडं, बऱ्यापैकी, खूप – आणि ‘क्वाइट’ला मधल्या पायरीवर बसवलं. तर नर्सबाई म्हणाल्या, आमचे डॉक्टर ‘क्वाइट डेड’ म्हणतात. शिंपीदादांनी लगेच विचारलं, बऱ्यापैकी मेला म्हणजे थोडा शिल्लक आहे का? वर्ग फिदीफिदी हसला. मीही.

मग सगळं पुन्हा सांगणं आलं. ज्यात कमी-जास्त असतं, तिथे बऱ्यापैकी. जे एकदा झालं की झालंच – मेलं, संपलं – तिथे ‘क्वाइट’ म्हणजे पार, पूर्ण. घसा बसला.

४ मार्च

ठकूला फोन केला, उचलला जावयांनी. नेहमीचंच. त्यांना आपली भाषा येत नाही, त्यामुळे इंग्रजीतच विचारलं, लेक कशी आहे? “शी इज क्वाइट हॅपी.” ठेवलाच फोन!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, सुखी आहे म्हणतोय ना तो? तुला शब्दाचा कीस पाडायची खोडच आहे. खोड कसली, पोटाचा धंदा आहे. सुखात कमी-जास्त असतं. म्हणजे मधली पायरी.

६ मार्च

पेपर तपासले. झोप नाही.

८ मार्च

आज ठकू स्वतः बोलली. “बरी आहे,” म्हणाली. आमच्या घरात ‘बरी’ म्हणजे विषय बदला. मी बदलला, नर्सबाईंचा किस्सा सांगितला. ‘थोडा शिल्लक’ला खुदकन हसली – किती दिवसांनी! तेवढ्यात मागे दार आपटलं, कुणीतरी ओरडलं, आणि फोन बंद.

जाऊन बघून येऊ म्हटलं. तर ह्यांचं आपलं, न बोलावता जावयाकडे जायचं? भांड्याला भांडं लागतंच. वाद घालायचंही त्राण नाही. पण जीव टांगणीला लागलाय. मधल्या पायरीच्या खाली काय असतं, ते मला कळतं.

११ मार्च

वर्ग सुटून आले तर दारातल्या पायरीवर ठकू. एकच बॅग. मनगट काळंनिळं. ह्यांनी बॅग उचलून आत नेली.

“संपलं, आई.”

कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, “क्वाइट?”

तिने वर बघितलं. मग म्हणाली, “क्वाइट.”