हट्ट्याबाहेरची लढत

बाबा,

माझा बॉक्सिंगचा पट्टा राखायला मला कझाकस्तानला, तिथल्या बॉक्सर मुलीशी लढायला जायचंय. तुम्ही मात्र मला न विचारता आपल्या हट्टा गावच्या पारावर सांगून टाकलंत, "तिला पट्टा पायजे तर तिनं हट्ट्याला यावं. आमची पोरगी काहून जाईल?"

भिंतीवरची तुमची कुस्तीची गदा दर दसऱ्याला मीच पुसते. तुम्ही कधी हरला नाहीत, कारण आपल्या जत्रेत येतील त्यांच्याशीच लढलात. परभणीहून दोनदा बोलावणं आलं, तेव्हा दोन्ही वेळा तुमचा गुडघा दुखला. आई म्हणते, एकदा डावा, एकदा उजवा.

भीती मलाही वाटते. तरी उद्या निघतेय.

जिंकले तर हे पत्र फाडीन. हरले तर घरी येऊन तुमच्यासमोर मोठ्यानं वाचीन.

ऐश्वर्या