साहेबाला भेट मिळालेली देवी

२ सप्टेंबर

भेट! म्हणे ‘कृतज्ञ गावकऱ्यांकडून कॅप्टनसाहेबांना भेट, १८५८’. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावाबाहेरच्या या जुन्या बंगल्यातल्या म्युझियममध्ये मी दर मंगळवारी फुकट राबते. आज नवीन मांडलेल्या काचेच्या कपाटात पाहते तर देवीचा टाक! चांदीचा, दोन बोटांएवढा, काळा पडलेला. मुलगा वेगळा झाला तर त्याला नवा टाक घडवून देतात; पण देव्हाऱ्यातला देव कुणी साहेबाच्या हातात देईल? माझं डोकंच फिरलं.

९ सप्टेंबर

ऍलनला सांगितलं. इथला क्युरेटर. भला माणूस, चहा स्वतः करून देतो. म्हणाला, “आय बिलीव्ह यू, रेखा. पण कमिटीला एव्हिडन्स लागतो.” लूट सिद्ध झाली तर टाक परत करायचा, असं कमिटीने ठरवलंय म्हणे. केवढी दिलदारी! नेणाऱ्याने ‘भेट’ लिहिलं की तो पुरावा, आणि मी बोलले की ती भावना.

विनय म्हणतो, “तू कशाला टेन्शन घेतेस? आपली देवी थोडीच आहे ती!” नवरा आहे म्हणून सोडला.

३० सप्टेंबर

परवा दसरा. फोटो काढून झाले, टाक टेबलावर. “जरा लक्ष ठेव,” म्हणून ऍलन फोन घ्यायला गेला. ऐन नवरात्रात देवी अशी काळीकुट्ट! मला राहवेना. दाताच्या डॉक्टरच्या धाकाने पर्समध्ये ब्रश-पेस्ट असतेच, आणि आमच्या घरी चांदी पेस्टनेच घासतात. काय लख्ख निघाली! नाकातली नथसुद्धा दिसायला लागली. मला भरून आलं.

१ ऑक्टोबर

ऍलनचा फोन. ओरडला नाही – हे लोक ओरडत नाहीत, आवाज खाली आणतात. “त्या खाचांमध्ये रेड पिगमेंट होतं, रेखा. पुढच्या आठवड्यात लॅबला जाणार होतं.”

कुंकू! देवी पूजेतून उचलली, याचा तेवढा एकच पुरावा. कुणा बाईने लावलेलं शेवटचं कुंकू. साहेबाच्या घरात दीडशे वर्षं टिकलं, आणि मी बेसिनमध्ये सोडलं. दिवसभर रडले.

४ नोव्हेंबर

कमिटीचा निर्णय आला. घासल्यामुळे वस्तूला आता म्युझियमच्या दृष्टीने मोल नाही; रेखाताईंना हवी असल्यास न्यावी. शिवाय मंगळवारी येण्याची तसदी घेऊ नये.

विनय हसून हसून लोळला. “अख्खं एम्पायर टूथपेस्टने हरवलंस तू!”

देवीला बसने घरी आणलं. कुंकू लावलं, खीर केली.

२३ नोव्हेंबर

आता तिच्याशिवाय देव्हारा ओका वाटेल. सकाळी उठून आधी तिचं तोंड बघते.

२ डिसेंबर

ऍलनचा फोन. वेबसाइटवरचे फोटो बघून साताऱ्याकडच्या एका कुटुंबाने लिहिलंय – ही आमची देवी, आमच्या घरातून नेलेली. परत द्या.

माझ्या तोंडून पटकन निघालं, “त्यांच्याकडे पुरावा काय?”