चारकमानच्या पाठीराखीची मिळकत

मी, चांगुणाबाई भ्र. सिताराम खिल्लारे, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, राहणार रेल्वे स्टेशनमागे, परभणी, तथागतांना व बाबासाहेबांना वंदन करून हे मृत्युपत्र सांगते. लिहून घेणारी वकील संघप्रिया ही माझ्याच हाताखाली शिवण शिकलेली मुलगी आहे. तिला मी बजावले आहे की कायद्याचे शब्द तुझे तू घाल, पण माझे बोलणे फार कापू नको. शिवणीपुरते कापड सोडतात तेवढे तरी सोड.

माझी शुद्ध जागेवर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते मुद्दाम लिहावे लागते. माझा मुलगा सिद्धोधन याने मागे सगळ्या नात्यागोत्यात सांगितले होते की आईचे डोके फिरले आहे, कारण ती म्हातारपणी गाडीत बसून हैदराबादला फुटबॉल बघायला जाते आणि तोही सदा हरणाऱ्या संघाचा. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला विचारले, "आजी, तुमचा संघ जिंकेल असं वाटतं का?"

"न्हाई."

"मग जाता कशाला?"

"जिंकणाऱ्याकडं कुनीबी जातंय, साहेब."

त्यांनी दाखल्यावर सही केली.

मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावू शकेल असा एकच माणूस होता, माझे मालक सिताराम, आणि ते सहा वर्षांपूर्वी गेले. मालक मूळचे पेडगावचे. सिकंदराबादच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनाकडचे मजूर, म्हणून लागले, रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल शिकले आणि तिथेच हैदराबादच्या चारकमान क्लबचे पाठीराखे झाले. पुढे परभणीला बदली झाली, पण क्लब सुटला नाही. रेल्वेचा पास होता, गाडी सरळ होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला चारमिनार दाखवतो म्हणून घेऊन गेले आणि मैदानावर नेऊन बसवले. चारकमान चार गोलांनी हरला. परतीच्या गाडीत मालक रडले. चारमिनार मी अजून पाहिलेला नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवते. नंतर क्लब व्यावसायिक लीगमध्ये गेला, पगारी खेळाडू आले, जांभळा गणवेश आला. हरणे मात्र जुनेच राहिले.

आता माझ्या मिळकतीची वाट अशी लावते.

कलम १. स्टेशनमागचे दोन खोल्यांचे घर माझ्या शिवणाच्या कमाईतून बांधलेले असून माझ्याच नावे आहे. ते मी माझी मुलगी शुभदा, जिंतूर येथे परिचारिका, हिला देते. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क अगर हितसंबंध राहणार नाही.

कारण लिहून ठेवते. मालक गेले तेव्हा त्यांचे हंगामाचे तिकीट घरात तसेच पडून होते. मला त्या क्लबचा राग होता. माझे किती रविवार त्या खेळाने खाल्ले! शुभदा म्हणाली, "आई, एकदा जाऊ. बाबाची जागा तरी बघू." आम्ही गेलो. त्या भागात दाटी होती, पण मालकांची खुर्ची रिकामी होती. शेजारी वजीरसाब नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी उठून आपल्या रुमालाने ती खुर्ची पुसली आणि म्हणाले, "आओ बहन. सितारामभाई की जगा है, किसी कू बैठने नई दिये."

मी बसले. त्या दिवशीही आम्ही हरलो. मालक गेल्यापासून माझ्या डोळ्याला पाणी आले नव्हते, ते तिथे आले. आजूबाजूला सगळेच रडवेले होते, त्यामुळे कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही. इतके मोकळे मला सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांत कधी वाटले नव्हते. तेव्हापासून मी जाते आणि शुभदाला सुट्टी मिळाली की ती माझ्यासोबत येते.

अट एकच. मॅचच्या दिवशी बाहेरची खोली उघडी ठेवावी आणि टीव्ही लावावा. येईल त्याला बसू द्यावे. चहा द्यावा, पण बिनसाखरेचा मागणाऱ्याला 'हरलो म्हणून गोड नको वाटतं का?' असे विचारू नये. हा टोमणा आमच्या गल्लीत जुना झाला आहे.

कलम २. पेडगाव शिवारातील एक एकर जमीन वाटणीपत्राने माझ्या नावे झालेली आहे. ती मी माझा मुलगा सिद्धोधन याला देते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी त्याला काहीही दिले नव्हते. रद्द का केले, ते मुलांच्या मुलांनाही कळावे म्हणून सविस्तर लिहून घेते.

सिद्धोधन पुण्यात नोकरीला आहे. मी घर विकावे व त्याच्याकडे राहावे, असे त्याचे म्हणणे होते. मी नाही म्हटले, तेव्हा त्याने आईला समजत नाही असे वकिलाकडे जाऊन सांगितले. ते मला कळले आणि मी ते पहिले मृत्युपत्र केले.

मागच्या हंगामात क्लबच्या मालकांनी जाहीर केले की संघ खालच्या गटात गेला तर क्लब बंद करू. तसेही बघायला कोणी येत नाही. शेवटची मॅच राहिली होती, ती जिंकणे भाग होते. समोर 'सागर मुंबई', म्हणजे सारखे जिंकणारे. आमच्या गल्लीतला सायकल दुकानवाला भागवत त्यांचा पाठीराखा. त्याने उभ्या जन्मात मुंबईचा समुद्र पाहिलेला नाही. पण चारकमान हरला की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन हातावर पेढा ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या मावशी, तोंड गोड करा."

'बघायला कोणी येत नाही' हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागले. मी जांभळे अस्तर आणले. शेजारच्या सुलाबाईला सोबत घेतले आणि आठवडाभर आम्ही दुसरे काही शिवले नाही, फक्त झेंडे शिवले. शिवणवर्गाच्या बाया तयार झाल्या. मालकांच्या बरोबरीचे निवृत्त रेल्वेवाले तयार झाले. पाथरीहून दोन जीपगाड्या भरून माणसे स्टेशनवर आली, ती कोणी बोलावली ते मला अजून ठाऊक नाही. भागवतही मुंबईचा निळा शर्ट घालून आमच्याच डब्यात बसला.

तेवढ्यात फलाटावर सिद्धोधन आला. त्याला कोणीतरी कळवले होते.

"आई, खाली उतर. डॉक्टरनं दगदग करू नको म्हणून सांगितलंय ना? लोक हसायलेत आपल्याला."

"हसू दे. तुझ्या बापालाबी जन्मभर हसले."

"मी पुण्याला चल म्हनलो तर येत न्हाईस, अन् असल्या हरणाऱ्या पोरांसाठी झेंडे शिवायलीस?"

"गाडी सुटायलीय, सिद्धू. चढ, न्हाईतर बाजूला हो."

तो चढला. पूर्णेला उतरवतो म्हणाला. पूर्णा गेले, नांदेड गेले. मी दशमी आणि ठेचा काढला. रागावलेला माणूस जेवतो तसा तो खिडकीकडे तोंड करून जेवला.

मैदानावर आमची एक बाजू पूर्ण जांभळी झाली होती. वजीरसाबांनी ती पाहिली आणि काठी टेकत खालपासून वरपर्यंत सगळ्यांना सलाम केला. मुंबईने लवकरच गोल केला. भागवतने खिशातला पेढ्यांचा पुडा मला नुसता दाखवला. मध्यंतरानंतर आमच्या पोराला पेनल्टी मिळाली आणि बरोबरी झाली. पण बरोबरीने आमचे भागणार नव्हते. मॅच संपत आली तरी तेच. मग आम्हाला कॉर्नर मिळाला.

आमचे बचाववाले कॉर्नरलासुद्धा मागेच उभे राहतात, भित्रे. मालक त्यांच्या नावाने जन्मभर एकच ओरडत आले. आणि तोच आवाज माझ्या कानाशी आला, "पुढं सरक रं! आरं, पुढं सरक!"

मी दचकून वळले. मागे सिद्धोधन खुर्चीवर उभा होता. शर्ट बाहेर आलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, बापाचाच आवाज, बापाचाच हात. त्याचे ऐकून असो की नसो, आमचा एक उंच बचाववाला पुढे धावला, सगळ्यांच्या वर उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला.

पुढचे मला नीट सांगता येणार नाही. सुलाबाई कोणा अनोळखी पोलिसाच्या गळ्यात पडली होती. वजीरसाब "सितारामभाई, सितारामभाई" करत खुर्चीला मिठी मारून रडत होते. शुभदा माझी नाडी बघत होती आणि मोजताना सारखी चुकत होती. सिद्धोधनने मला उचलले. लहानपणी जत्रेत मी त्याला उचलून पाळणे दाखवायची, तसे उचलले. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. क्लब राहिला.

परतीच्या गाडीत त्याचा घसा बसला होता. तशाच घशाने म्हणाला, "बाबाला हे बघायला मिळायला पाहिजे होतं."

मी म्हटले, "आज तुझ्या नरड्यातून त्योच वरडला, लेकरा."

म्हणून जमीन त्याची. घर मात्र नाही. आनंदाच्या भरात घर देण्याइतकी मी वेडी नाही, हे वर डॉक्टरांनी लिहून दिलेले आहे.

कलम ३. शिवणयंत्र, कात्री व सर्व अवजारे सुलाबाई हिला देते. त्या कात्रीने कागद कापू नये. उरलेले जांभळे अस्तर तिने गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला लावू नये; ते झेंड्यांचे आहे.

कलम ४. बँकेतील शिल्लक दोन्ही मुलांनी समान घ्यावी. माझे अंत्यसंस्कार बौद्ध रीतीने, पांढऱ्या कपड्यात करावेत. कोणी प्रेमाने अंगावर झेंडा टाकला तर तो काढून घ्यावा. चांगला झेंडा जाळायचा नसतो.

कलम ५. भागवत यास माझ्या हातचा सगळ्यात मोठा झेंडा देते. त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात पेढे घेऊन गेले होते. त्याने त्यातला एक खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, लय भारी खेळले तुमचे." इतक्या वर्षांची माझी अढी तिथेच संपली. त्याने या कागदावर साक्षीदार होण्याची इच्छा दाखवली. संघप्रिया म्हणाली, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, एक काय ते निवडा. त्याने झेंडा निवडला.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संघप्रिया हिने करावी. मात्र हे पत्र माझ्या पश्चात अमलात यायचे आहे आणि त्याला अवकाश आहे. यंदाचा हंगाम सुरू झाला असून चारकमान पहिल्या तिन्ही मॅच हरलेला आहे. आमचे बचाववाले पुन्हा मागे उभे राहू लागले आहेत. अशा वेळी मला जाता येत नाही. वारसांनी घाई करू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच बोलणे आहे याची खात्री करून, बाकड्यावर बसून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. सिद्धोधन चहा आणायला गेला आहे आणि गाडीची घोषणा झाली आहे.

सही: चांगुणाबाई सिताराम खिल्लारे

चांगुणाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष केली:
१. आबासाहेब, निवृत्त गार्ड, परभणी
२. सूर्यभान, निवृत्त पॉइंट्समन, पाथरी

स्थळ: फलाट क्रमांक एक, परभणी रेल्वे स्टेशन
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार, मॅचचा दिवस