बिनकामाची तार

मीत घम्र,
गुरुवार सकाळ

आदरणीय फिक्रीमामांना,

भाची इन्तिसारचा तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन सलाम. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, कुवेतचं ऊन तुमच्यापुरतं सौम्य करो आणि तुमच्या साहेबाला सद्बुद्धी देवो (हे शेवटचं आईने घालायला लावलं). साखर कशी आहे? गोड बंद केलंत असं तुम्ही फोनवर म्हणालात, आणि आईने विश्वास ठेवल्यासारखं केलं. इकडे सगळे खुशाल. बाबांच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमची पातेली पूर्वीसारखीच ठोकली जातात, आणि त्या ठोकाठोकीमुळे घरात कुणी काही बोललं तर ते पूर्वीसारखंच बाबांना ऐकू येत नाही. चौथ्या मजल्यावरचा तुमचा फ्लॅट जागच्या जागी आहे. सोफ्यांवरची प्लास्टिकची आवरणं मी स्वतः पुसते. शहीनाझमामी (अजून व्हायच्या आहेत, पण आम्हाला आता सवय झाली) परवा पडदे बघून गेल्या. फ्लॅट एकंदरीत ठीक आहे. ‘एकंदरीत’ या शब्दाकडे नंतर येते.

तुम्ही विचारलंत, पोरीचा अभ्यास कसा चाललाय. फार सुंदर. इंजिनीअरिंगचं तयारीचं वर्ष मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्यांदा करते आहे. पहिल्या खेपेला वीज आणि चुंबकत्व या विषयाने माझा निकाल लावला, आणि या खेपेलाही लावला तर नियमाप्रमाणे मला घरी पाठवतील. बाबांनी दोन्हीकडची सोय करून ठेवली आहे. नापास झाले तर थोरल्या ताईसारखं कॉमर्स. पास झाले तर आर्किटेक्चर, कारण ते मुलीला शोभतं, त्यात कागद स्वच्छ राहतो आणि शॉक लागत नाही. वीज विभागाचं नाव घरात काढायचं नाही. मला काय, कुठेही टाका. दोन्हीकडे बसायला बाक असणारच.

विषयाबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझे हाल कळतील. डॉक्टर रगाई नावाचे आमचे प्राध्यापक स्वतः लिहिलेलं पुस्तक स्वतःच वाचून दाखवतात, आणि मधूनमधून ‘वा’ म्हणतात. पोकळ गोलाच्या आत विद्युतक्षेत्र शून्य असतं, हे सिद्ध करण्यात त्यांनी अख्खी सकाळ घालवली. हा गोल कुणाच्या घरी असतो, तो पोकळ का ठेवला, त्याला विद्युतभार दिला कुणी आणि त्याच्या आत जाऊन बघायची वेळ कुणावर आली, यातलं काही कळलं नाही. मात्र आत काही नाही, एवढं पक्कं झालं. मग चुंबकत्व. त्यात उजव्या हाताचा अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे धरून बल कुठल्या दिशेला ते ओळखायचं असतं. परीक्षेत मी घाईघाईने डावा हात वापरला (उजव्यात पेन होतं, मामा, माणसाने काय करायचं?) आणि माझे सगळे इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने गेले. बिचारे अजून परतले नाहीत.

पण खरा छळ कॉलेजात नव्हे, इमारतीत आहे. प्रवेशाचा कागद हातात आला त्या दिवसापासून मी ‘इंजिनीअरबाई’ झाले. भाजीवाला इंजिनीअरबाई म्हणतो, मायक्रोबसवाला इंजिनीअरबाईंना पुढची जागा देतो, आणि जी बाई मला ‘ए नकटे’ म्हणायची ती आता मिक्सर घेऊन दारात उभी राहते. नापास झाले तेव्हा वाटलं, ही उपाधी जाईल. कसली जाते! उलट लमलूममास्तर (पहिल्या मजल्यावरचे, भूगोलाचे, निवृत्त, तुम्हाला छडी मारणारे तेच) म्हणाले, “दोनदा शिकतेय म्हणजे पक्कं शिकतेय.” आणि आपल्याकडे कुणी काही विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायची पद्धत आहे का? रस्ता विचारणाऱ्यालासुद्धा आपण उपाशी परत पाठवत नाही, चुकीचा का होईना, रस्ता देतो. मग इंजिनीअरबाईने तोंड मिटून कसं चालेल?

तर बकरी ईद झाली आणि परीक्षेला आठवडा राहिला. मी तुमच्या फ्लॅटमध्ये अभ्यासाला बसले होते, कारण तिथे मिक्सर येत नाहीत. पण शेजारच्या हाजीण तफीदांनी मला हुडकून काढलंच. त्यांचा फ्रीझर मांस गार करत नव्हता. अख्खा मेंढा आत होता. त्यांच्या मागे जिनाभर माणसं, आणि निदान आधीच झालेलं: इमारतीत वीज कमी येते. मी आधी माणुसकी म्हणून तुमचा नवा फ्रीज सुरू केला आणि मेंढ्याचं बरंचसं मांस त्यात हलवलं (स्टिकर काढले नाहीत, शपथेवर सांगते). मग सगळी वरात खाली विजेच्या मुख्य डब्यापाशी आली. द्वारपाल शहाताकाकांनी डबा उघडला, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मामा, त्या डब्यात मला पुस्तकातलं ओळखीचं काही दिसलं नाही. पोकळ गोल तर नव्हताच. तीन जाड तारा होत्या आणि चौथी एक काळी. मला एकच नियम पाठ होता: एका ठिकाणी येणारे आणि जाणारे सगळे प्रवाह मिळून बेरीज शून्य. मी तो मोठ्याने म्हणून दाखवला. मास्तरांनी मान डोलावली. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, की तिघींचा हिशेब आपसात शून्य होत असेल तर या काळीतून काही जात नाही. ही बिनकामाची, हिच्यामुळेच वीज वाया जाते. काकांनी मुख्य खटका पाडला, काळी तार सोडवली आणि खटका पुन्हा वर केला.

आणि लखलखाट! आमच्या बाजूचे दिवे असे पेटले की इमारतीत लग्न आहे असं वाटावं. बायकांनी जीभ हलवून आनंदाचे चीत्कार काढले, कुणीतरी सरबत आणलं, मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. समोरच्या बाजूचे दिवे मात्र विझू घातले होते; तिकडचे लोक खिडकीतून ओरडत होते आणि इकडचे त्यांना ‘तुमचाही नंबर येईल, नंबर येईल’ म्हणत होते. माझ्या हातात सरबताचा पेला होता तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून ‘फट्’ असा आवाज आला, आणि मागोमाग वास.

पेला ठेवून मी जिन्यात बसले आणि पुस्तक उघडलं. भीतीने, मामा, अभ्यासाच्या ओढीने नव्हे. पण दिव्यांकडे बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्याकडे गीझर, भट्टी, इस्त्री सगळं चालू, त्यांचे दिवे मंद. ज्यांच्याकडे जेमतेम एखादी वस्तू चालू, त्यांच्याकडे लखलखाट. समोरच्यांनी भट्टी लावली की आमचा दिवा आणखी चढायचा. म्हणजे काळी तार ही परतीची वाट होती. तिघींचा हिशेब आपसात मिटतो तो सगळे सारखी वीज वापरतात तेव्हा, आणि आपल्या इमारतीत कुणी कधी काही सारखं वापरलंय? परतीची वाट मी बंद केली, तेव्हा दोन्ही बाजूंची घरं एकाच माळेत ओवली गेली आणि ज्याच्याकडे कमी वापर त्याच्या माथी जास्त दाब. मी ओरडून खटका पाडायला लावला, तार परत घट्ट बसवायला लावली. खटका वर गेला आणि सगळे दिवे एकसारखे लागले. नेहमीचे, पिवळट, मरतुकडे दिवे. मी रडले. इतकं बरं मला ईदच्या नव्या कपड्यांनीही वाटलं नव्हतं. आणि इमारतीत माझी छीथू झाली, कारण लखलखाट गेला होता.

मांस टिकणार नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी प्रत्येक घरात चूल पेटली आणि सगळी इमारत गच्चीवर रोटी-भातावर मांस घातलेला फत्ता खात बसली. हाजीण तफीदा माझ्याशी बोलत नव्हत्या, वाढत मात्र होत्या. रिकामा फ्रीझर धुताना त्यांच्या सुनेला कळलं, की मेंढ्याच्या एका पायामुळे त्याचं दार नीट लागतच नव्हतं. विजेचा काही संबंध नव्हता.

सर्वांना सलाम सांगा. गोड खाऊ नका.

तुमची लाडकी (अजून असेल तर) भाची,
इन्तिसार

ता. क. ‘एकंदरीत’चा अर्थ तुम्हाला एव्हाना कळला असेल. फ्रीजचा मागचा भाग जळला. बाहेरून अगदी नवा दिसतो. शहीनाझमामींना मी तो उघडू दिला नाही.

ता. क. दुसरा. काल निकाल लागला (वर मुद्दामच सांगितलं नाही). मी पास झाले. बाबांनी कारखान्यात मिठाई वाटली आणि पुढच्या रविवारी आर्किटेक्चरसाठी नाव द्यायला स्वतः येणार आहेत. नवी पट्टीसुद्धा आणली आहे.

ता. क. तिसरा. मामा, मला वीज विभागात जायचंय. वर जे काही लिहिलं ते खरं आहे, विषय छळतोच; पण दिवे एकसारखे लागले तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, “आधी फिक्रीला विचार, त्याच्या फ्रीजचं काय केलंस ते सांग, आणि तो हो म्हणाला तर मी हो म्हणेन.” तुम्ही रागावाल अशी त्यांची खात्री आहे. उद्या शुक्रवारी तुमचा फोन येईल. हे पत्र घेऊन येणारे गृहस्थ आज दुपारच्या विमानाने निघतायत, म्हणजे फोन लावण्याआधी तुम्ही ते वाचलेलं असेल. हवं तेवढं रागवा, पण आधी हो म्हणा आणि मग रागवा. बाबा पहिलं वाक्य तेवढं नीट ऐकतात.