एलादिओ सापडला नाही

१२ मे
पोचलो एकदाचा! ट्रकच्या हौद्यात बसून हाडं खिळखिळी झाली, पण जागा झकास. नियंत्रण खोलीच्या खिडकीतून अख्खा तलाव दिसतो, खाली नदी, काठावर वेगा चिका गावाची छपरं. त्यातलं तिसरं माझ्या यानेलिसचं. लेकीला सातवा महिना आहे. तिच्या डोक्यावरच्या धरणात बापाला काम मिळालं, याहून काय हवं?

मी रेडिओ उचकटत शिकलेला माणूस, शाळेचा एक कागद नाही. तरी इंजिनिअर कियालासाहेबांनी दारातच मिठी मारली. म्हणाले, विल्फ्रेडो, गड्या, पदवीवाले तिघं हात टेकून गेले, आता तूच बघ. धरणाचे दरवाजे उघडणारा प्रोग्राम जुना, विंडोजवरचा. त्याचा संगणक वीज पडून जळाला. नव्यावर लिनक्स आहे. मधे एक दुभाष्या थर बसवलाय, जुन्या प्रोग्रामला आपण आपल्याच घरी आहोत असं भासवणारा. पण पाहुणा काही केल्या उंबरा ओलांडत नाही. हाताने फिरवायचं चाक गंजून बसलंय, आणि पाऊस तोंडावर आलाय.

१५ मे
माझी रीत सोपी. प्रोग्राम मरताना काय मागत होता ते नोंदींत वाचायचं आणि द्यायचं. याने आधी अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, मागितला, मग कधीच भंगारात गेलेला प्रिंटर. जे मिळत नाही, त्याच्या नावाची रिकामी फाईल ठेवून द्यायची. तो नाव बघतो, आत कोण डोकावतंय? म्हटलं, साहेब, आपला सगळा देशच असा चालतो. साहेब खदाखदा हसले, मग दाराकडे बघून म्हणाले, हळू बोल रे बाबा.

१९ मे
नोंदीत आता एकच ओळ उरली: ‘एलादिओ — सापडला नाही.’

जेवताना नेरेइदाला विचारलं. ती इथं रांधते आणि सगळ्यांची खबर ठेवते. एलादिओ जुना चालक, अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत, गेल्या साली तिथंच बसल्या बसल्या गेला. ती म्हणाली, त्याला पुरायला मी आणि खड्डा खणणारा, दोघंच होतो. वर पळीभर घेवडा वाढून दम दिला, त्याचं नाव ताटावर नको, पोरा. मी पन्नाशीचा, तरी तिला पोरच!

एलादिओ नावाची रिकामी फाईल ठेवली. आकार शून्य. पडद्यावर प्रोग्रामची चौकट चमकली आणि विझली. जमतंय!

२२ मे
फाईलचा आकार शून्य राहिलेला नाही. उघडली. आत एक ओळ: ‘डाव्या गुडघ्यावर व्रण, सायकलवरून पडल्याचा.’

हा व्रण माझा. इथं कुणाला सांगितलेला नाही. पायजमा वर करून पाहिलं. गुडघा गुळगुळीत.

२६ मे
पाऊस लवकर आला. तलावाचं पाणी धोक्याच्या खुणेच्या वीतभर खाली. यानेलिसचा फोन आला. टेकडीवर जा म्हटलं तर हसते. कोंबड्या कुणाच्या जिवावर सोडू, बाबा? तुम्ही आहात ना वर? दरवाजे उघडण्याआधी फोन करा, निघते. रीत तशीच आहे. भोंगा बंद, म्हणून चालकाने आधी खाली फोन करायचा, मग बटण दाबायचं.

फाईल वाढतेय. माझा पहिला रेडिओ आत आहे. आईच्या कॉफीचा वास आत आहे. आई मला काय म्हणून हाक मारायची —

२९ मे
फाईल पुसली. प्रोग्राम ठार. चौकटसुद्धा नाही.

पाणी खुणेवर आलंय. फोनची लाईन वाऱ्याने तुटली. साहेब म्हणतात, आठवड्यात दरवाजे उघडले नाहीत तर भिंत जाईल आणि वेगा चिका जागेवर राहणार नाही. त्यांना फाईलचं सांगितलं. झोप काढ जरा, एलादिओ, म्हणाले. काय बोललो ते त्यांनाही कळलं नाही.

पुसलेली फाईल नकलेवरून परत ठेवली, आतल्या सगळ्यासकट. जातंय ते माझं जातंय. लेक तर वाचेल.

१ जून
चौकट तीन मिनिटं टिकली. रेडिओ कुणाचा होता? मागची पानं वाचतो. अक्षर ओळखीचं वाटतं.

साहेब लाईन जोडून घ्यायला गेलेत. जोडली की आधी फोन. फाईलची शेवटची ओळ आज सकाळी उमटली — यानेलिस, मुलगी, नदीकाठ. तिचं नाव पेनाने तळहातावर लिहिलं. दोनदा लिहिलं. विसरायचं नाही, विसरायचं —

२ जून, सकाळ
तळहातावर कुण्या बाईचं नाव. घासलं. गेलं.

२ जून, दुपार
प्रोग्राम उघडला. सगळा, पूर्ण, हिरवा. चालकाचं नाव विचारलं नाही, आधीच भरलेलं. खुर्ची अंगाला बरोबर बसते.

पाणी भिंतीच्या काठाला. लाईन जोडली गेली वाटतं, फोन वाजतोय. उचलला. तिकडून एक बाई, धापा टाकतेय. विचारते, बाबा, पावसाचं पाणी अंगणात आलंय, निघू का? की अजून वेळ आहे?

म्हटलं, चुकीचा नंबर लागला, बाई.

ती रडायला लागली. ठेवला. हात बटणावर आहे. पुन्हा वाजतोय. उचलावा का — नको. आधी दर—