मेतकुटाच्या डब्यातल्या गोळ्या

२० ऑगस्ट १९९६, माधवनगर (सांगली)

परत तेच. दिवा घालवून आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी चालायला लागतं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं, दुखण्याला नाव तरी असतं. हे नुसतं आतून ओढतं — हलव पाय, हलव. हलवला की जरा बरं. थांबवला की पुन्हा सुरू. काल दीडपर्यंत स्वयंपाकघर ते मोरी, मोरी ते स्वयंपाकघर, अशा फेऱ्या मारल्या. सहावा महिना लागलाय आणि मी रात्रीची राखण करतेय.

सुमंत उठला. वाटलं, विचारेल काय होतंय. "झोपेत लाथा मारतेस. मला सकाळी मिल आहे." उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेला. झोपेत म्हणे! मी झोपले कधी?

चारचौघांत त्याला 'हे' म्हणते. या वहीत म्हणणार नाही.

२३ ऑगस्ट

सासूला आत्या म्हणायची या घरची पद्धत. माझी सख्खी आत्या असं बोलली असती तर तिच्या घरचं पाणी प्यायले नसते.

संध्याकाळी मेथी निवडायला बसले होते. पाय हलत होता. "बसल्या जागी पाय हलवू नये. घरातली लक्ष्मी जाते." मी म्हटलं, मी हलवत नाही, तो हलतो. "पाय तुझाच ना?"

हो, माझाच. दोन्ही माझेच आहेत. घ्या काढून.

२४ ऑगस्ट

दोन तास झोप. बाकी काही लिहायचं नाही.

२९ ऑगस्ट

साताऱ्याहून आईची पत्रं आली. दोन आंतरदेशीय — एक मला, एक आत्यांना. विहिणीचा मान म्हणून दर वेळी वेगळं लिहिते. आत्या वाचतात, घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवतात आणि तोंड अगदी आंबट करून कामाला लागतात. माझ्या आईचं पत्रसुद्धा यांना गोड लागत नाही.

मला काय लिहिलंय? ज्ञानदा, खा, झोप, दुधात केशर घाल. वाचून रडले. आईने किती केलं माझं. शाळेत जायच्या आधी रोज तोंडाला साय चोळायची, अगदी दहावीपर्यंत. उन्हात खेळू द्यायची नाही. भावासाठी नाही केलं तेवढं माझ्यासाठी केलं.

डोहाळजेवण झालं की सातारा. पहिलं बाळंतपण माहेरी. आईकडे गेले की झोपेन. तेवढ्यावर दिवस ढकलतेय.

४ सप्टेंबर

धोंडुबाई भांडी घासायला येतात. आज मला दारात उभ्यानेच चहा पिताना बघितलं. बसता येत नव्हतं म्हणून उभी होते. "वैनी, पोटरीत किडं चालल्यागत हुतंय व्हय?"

हो म्हटलं, अगदी तसंच.

"मला बी धाकट्याच्या येळंला लय झालं. रातभर गोठ्यापतूर चालायची. मालक म्हनायचं, बाई यडी झाली." मग? "प्वार झालं आन् गेलं."

या घरात माझं खरं मानणारी एकच बाई. ती अर्धा तास येते.

९ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. रक्त फारच कमी. त्या म्हणाल्या, रक्तात लोह कमी असलं की काहींचे पाय असे करतात. वेडबिड काही नाही. मी आत्यांकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होत्या.

"मी दिलेल्या लाल गोळ्या घेतेस?" रोज घेते. आत्या स्वतः हातावर ठेवतात, गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. "शौचाला काळी होते का?" नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "त्या गोळ्यांनी होतेच. म्हणजे तू घेत नाहीयेस."

दोन महिने न चुकता घेतल्यात हो मी! पण खोटारडी ठरले. आत्यांनी एक शब्द बोलू नये? एरवी भाजीवालीला दहा मिनिटं सोडत नाहीत.

११ सप्टेंबर

सापडल्या.

आत्या देवळात गेल्या होत्या. फळीवर मेतकुटाचा रिकामा डबा असतो, तो हलवला तर वाजला. आत माझ्या गोळ्यांची सहा पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही. शेजारी एक बाटली — तसल्याच लाल गोळ्या, पण नुसत्या जीवनसत्त्वाच्या. दोन महिने मला त्या चारल्या. मी तोंड उघडून घेतल्या, लहान पोरीसारख्या.

त्या आल्यावर डबा पुढ्यात ठेवला. आधी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणतात." कोण म्हणतं? "म्हणतात. मी माझ्या मनाने काही केलेलं नाही." मग कुणाच्या मनाने केलंत? त्या डब्याचं झाकण लावत बसल्या.

मग माझा तोल गेला. म्हटलं, मला बघायला आलात तेव्हाच माझा रंग दिसला होता ना? तेव्हाच नाही म्हणायचं. आता माझ्या पोटातल्याला कशाला धुताय?

"रंग मी बघितलाच नव्हता. तुला नाव लिहायला सांगितलं होतं. अक्षर बघितलं." आणि आत निघून गेल्या.

अक्षर! सुनेची औषधं डब्यात लपवणारी बाई अक्षर बघते.

सुमंतला सांगितलं. "आई काय वाईटासाठी करेल? बाळाचाच विचार केला तिने." आणि माझा कुणी केला? तो बुटाची नाडी बांधत होता. एक नाडी बांधायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर

गोळ्या माझ्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात, मंगळसूत्राला.

१६ सप्टेंबर

काळी झाली. असल्या गोष्टीचा एवढा आनंद कुणी मानला नसेल!

२० सप्टेंबर

गौरीच्या जेवणाला सवाष्णी आल्या होत्या. पंगतीत माझा पाय हलला आणि समोरच्या बाईने लगेच लक्ष्मीचं काढलं. आत्या वाढता वाढता म्हणाल्या, "हलू दे. तिचं तिला ठाऊक. तुम्ही पुरणपोळी घ्या."

लोकांसमोर चांगुलपणा. मला कळत नाही असं वाटतं त्यांना.

६ ऑक्टोबर

सलग तीन रात्री झोपले. सुमंत उशी घेऊन आत आला. मी भिंतीकडे तोंड केलं. जेव्हा चालत होते तेव्हा कुठे होतास?

१७ ऑक्टोबर

डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीत पाच फळं, सगळं यथासांग. आई सकाळच्या एसटीने आली. तिला बघितलं आणि तिच्या गळ्यातच पडले. गोळ्यांचं सगळं तिच्या कानावर घातलं. मला वाटलं, ती आता आत्यांना चांगलं सुनावेल. "जाऊ दे, शुभकार्य आहे," म्हणाली. किती समजूतदार!

नंतर स्वयंपाकघरात दोघी विहिणी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी गेले तशा थांबल्या. आत्यांचा चेहरा लाल झाला होता.

निघताना आत्यांनी माझ्या पिशवीत वरच नवी पाकिटं ठेवली. "रोज घे. कुणी काही म्हटलं तरी घे." ढोंगाला काही सीमा? मी नमस्कार केला, तोही अर्धाच वाकून. पोट होतं म्हणून चाललं.

२० ऑक्टोबर, सातारा

सुटले! माझी खोली, माझी खाट, खिडकीतून अजिंक्यतारा. आई पायाला तेल लावते, पोटऱ्या चेपते. गळ्यातली किल्ली काढून ठेवली. गोळ्या आईकडे दिल्या. ती रोज रात्री आठवणीने हातावर ठेवते. इथे कुणावर पहारा ठेवायचा?

तिकडे पत्र टाकलेलं नाही. टाकणारही नाही. बाळाचं तोंड बघायला येतील तेव्हा येतील.

३१ ऑक्टोबर

पाय परत सुरू. काल अंगणात फेऱ्या. आई म्हणते, शेवटचे महिने आहेत, व्हायचंच. सांगलीत वैताग यायचा, इथे नुसतं रडू येतं.

४ नोव्हेंबर

सकाळी लक्षात आलं. काळी होत नाहीये. कधीपासून, आठवेना.

आईला विचारलं, रोज हातावर ठेवतेस त्या गोळ्या कुठल्या? ती शेंगा सोलत होती, हात थांबवला नाही. "तुझ्या वेळी मी घेतल्या होत्या असल्याच गोळ्या. आणि तू ही अशी झालीस. लग्न जमेपर्यंत काय काय ऐकलं ते माझं मला माहीत. तुझ्या पोटी तेच नको. म्हणून विहीणबाईंना मीच लिहिलं. माझं नाव सांगायचं नाही, अशी शपथ घातली. पण शेवटी कच्च्याच निघाल्या तुझ्या सासूबाई." मग माझ्या गालावरून हात फिरवला. साय लावायची, तसाच.

दुपारी पोस्टातून आंतरदेशीय आणलं. ती. स्व. आत्यांना सा. न. — मला न्यायला या. बाळंतपण तिकडेच करू. येताना गोळ्या आणा.

सावकाश लिहिलं. चांगल्या अक्षरात.